दरेकसाला कसला हिशेब मागता?

हवामान बदलावर आपल्याकडे एक ठराविक भाषण तयार आहे. वसुंधरा दिन असो, महाविद्यालयातलं चर्चासत्र असो की वनमहोत्सव, वक्ते बदलतात, भाषण तेच. ‘पृथ्वी सगळ्यांची आहे, ती तापवण्यात कमी-अधिक सगळ्यांचाच हात आहे. कोणाचं चुकलं हे उगाळत बसण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःपासून सुरुवात करावी. शहरातल्याने दिवा मालवावा, खेड्यातल्याने झाड लावावं, जंगलातल्याने सरपण तोडू नये, धानवाल्याने बांधीत पाणी तुंबवू नये. थेंबे थेंबे तळे साचे.’ टाळ्या. मग शाल, श्रीफळ आणि प्लॅस्टिकच्या वेष्टणातला पुष्पगुच्छ.

या भाषणावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण ते कोणालाच बोचत नाही. बोचत नाही, कारण त्यात आकडे नाहीत. ‘कमी-अधिक’ म्हणायचं आणि कोणाचं कमी, कोणाचं अधिक, किती पटीने, हे विचारायची वेळ आली की ‘वाद नको’ म्हणायचं. वाद नको कसा? गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं जे जाळलं त्याचा ताळेबंद उपलब्ध आहे. उरलं किती तेही मोजलेलं आहे. तो ताळेबंद बाजूला ठेवून ‘सगळ्यांनी मिळून’ म्हणणं हा मोठेपणा नाही. ज्याच्या नावावर सगळ्यात मोठी रक्कम आहे त्याची ती सोय आहे.

या भाषणातली सगळ्यात लागट वाक्यं कोणासाठी असतात ते पाहायचं तर दरेकसाकडे पाहावं. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यातलं हे गाव. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदियाकडून निघालं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा; वाटेत डोंगर पोखरून काढलेला बोगदा, आणि बोरतलाव आलं की छत्तीसगड. जवळच हाजरा फॉल, पलीकडे कचारगडच्या गुहा, जिथे माघ पौर्णिमेला कोया पुनेम मानणारे गोंड समाजाचे लोक लाखोंनी येतात. पावसाळ्यात धान, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. बाकी मजुरी. या मुलखाच्या नावावर पर्यावरणप्रेमी मंडळी तीन गुन्हे लावतात. चुलीत लाकूड जाळता. मोह वेचायला सोपा जावा म्हणून झाडाखालचा पाला पेटवता, त्यातून वणवे लागतात. आणि धानाच्या बांधीत पाणी साठवून मिथेन सोडता.

आरोपपत्र तयार आहे. आता हिशेब करू.

पहिली गोष्ट, हवामानाचं गणित ‘यंदा किती धूर सोडला’ यावर चालत नाही. ते ‘आजवर एकूण किती सोडला’ यावर चालतं. एप्रिल २००९ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात माइल्स अ‍ॅलन आणि माल्टे माइन्सहाउझेन यांच्या गटांचे दोन निबंध आले आणि ही बाब पक्की झाली. कोळसा, तेल, वायू जाळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं तिथेच राहतो. त्यामुळे तापमानातली वाढ एकूण बेरजेच्या जवळजवळ सरळ प्रमाणात असते. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज असा की दर हजार अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. १८५० ते २०१९ या काळात माणसाने २,३९० अब्ज टन हवेत सोडले. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी शक्यता हवी असेल, तर २०२० च्या सुरुवातीपासून पुढे फक्त ५०० अब्ज टन शिल्लक होते. जग वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतं. नंतरच्या सुधारित अंदाजानुसार २०२५ उजाडलं तेव्हा सुमारे २३५ उरले होते. सध्याच्या वेगाने सहा वर्षांचा खर्च.

कार्बन बजेट म्हणतात ते एवढंच. त्यात तत्त्वज्ञान नाही. एक ठरलेली रक्कम आहे, तिच्यातला बहुतेक भाग उडवून झाला आहे. आणि इथेच ‘इतिहास उगाळू नका’ या सल्ल्याचं पितळ उघडं पडतं. बेरजेवर तापमान ठरत असेल, तर १९०० साली मँचेस्टरच्या गिरणीत जळालेला कोळसा हा इतिहास कसा? तो आजच्या मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात हजर आहे. जे अजून हवेत आहे त्याला भूतकाळ म्हणायचं कोणत्या न्यायाने?

कोणी म्हणेल, एवढा वायू सोडल्याने खरंच एवढं होतं का, सूर्यच तापतोय असं का नाही? या शंकेला दुसरा ताळेबंद उत्तर देतो, उर्जेचा. पृथ्वी सूर्याची जी उष्णता शोषते ती दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅट. तेवढीच तिने अवकाशात परत टाकली तर तापमान स्थिर. तसं होत नाहीये. २००६ ते २०१८ या काळात दर चौरस मीटरला सुमारे ०.८ वॅट आतच राहिले. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटर पृष्ठभागाने गुणा, आणि निघतं ते माणूसजात आज वापरते त्या सगळ्या उर्जेच्या सुमारे वीसपट. ही उष्णता रोज, अखंड साठते आहे, त्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात. उपग्रहांनी २००५ ते २०१९ या काळात ही तफावत साधारण दुप्पट झाल्याचं टिपलं. सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होतायत. खालून उष्णता अडवली जातेय याची याहून सरळ खूण काय हवी? तेव्हा ‘शास्त्रज्ञांतच एकमत नाही’ हा आक्षेप इथेच संपवतो. जमा आणि खर्च जुळत नाहीत आणि फरक कोणत्या वायूंमुळे पडतो हे माहीत आहे.

आता दरेकसाच्या फलाटावर उभे राहू. या मार्गावर कोळशाच्या मालगाड्या पाहायला फार वाट बघावी लागत नाही. कोरबाच्या बाजूने पश्चिमेला जाणारा कोळसा इथूनच जातो. एका रेकला साधारण ५८-५९ वाघिणी, त्यांत सुमारे ४,००० टन कोळसा. वाघिणींवर ढिगाची काळी रांग, वाऱ्याने उडणारी बारीक भुकटी, आणि शेवटचा गार्डाचा डबा जाईपर्यंत बोलणं थांबवून उभी असलेली माणसं. भारतातल्या राखट कोळशाचा एक टन जळला की कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे दीड टन. म्हणजे एक रेक ६,००० टन. सरासरी भारतीयाच्या नावावर वर्षाला दोन टनांच्या आसपास येतात. एक गाडी बोगद्यातून बाहेर पडून नजरेआड होते, तेवढ्यात ३,००० सरासरी भारतीयांचं वर्ष निघून जातं. आणि दरेकसाचा माणूस सरासरीच्या बराच खाली.

चुलीचा गुन्हा याच मापाने तोलून पाहू. सरपणाचा कार्बन काही वर्षांपूर्वी त्याच हवेतून झाडाने घेतलेला असतो. जंगल पुन्हा फुटलं की तो परत झाडात जातो. कोळशाचा कार्बन २५ कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीत गाडलेला होता. पहिला फिरता पैसा, दुसरा बाहेरून आणून ओतलेला. दोन्हींना एकच ‘धूर’ म्हणून मोजणाऱ्याला पर्यावरणाची चिंता असेल, वहीखात्याची अक्कल नाही. मात्र चुलीच्या धुराने बाईची फुप्फुसं जातात हे खरं, आणि त्यासाठी चूल जायलाच हवी. पण तिच्या जागी काय येणार? गॅस. एक घर वर्षाला आठ टाक्या वापरतं असं धरलं तर १४.२ किलोच्या एका टाकीमागे सुमारे ४३ किलो, म्हणजे वर्षाला ३४० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. दरेकसावरून गेलेल्या त्या एकाच रेकच्या कार्बनमध्ये साडेसतरा हजार घरं वर्षभर गॅसवर स्वयंपाक करतील. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, टाकी घराघरांत पोचली. पुढची भरायला पैसे नसले की ती कोपऱ्यात उभी राहते आणि बाई पुन्हा मोळीला जाते. या बाईला ‘कार्बन कमी करा’ सांगणारा माणूस मुंबईहून न्यूयॉर्कला एकदा साध्या वर्गाने जाऊन आला तर त्याच्या नावावर दोन टनांच्या आसपास पडतात. तिची सहा वर्षांची गॅसची चूल. कोणाला सांगताय, कशाबद्दल?

आता याच जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आकडा. तिरोड्याला अदानींचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच, २०१२ ते २०१४ दरम्यान सुरू झालेले. तो तीन-चतुर्थांश क्षमतेने चालला असं धरलं तर वर्षाला सुमारे २,१७० कोटी युनिट वीज तयार होते. कोळशाच्या एका युनिटमागे ९०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा. वर्षाला १.९ कोटी टन. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३.२ लाख. भागाकार करा: माणशी १४ टनांहून अधिक.

अमेरिकन माणसाच्या नावावरही साधारण एवढेच पडतात. अभिनंदन! सालेकसाची तेंदूपत्ता तोडणारी बाई आणि टेक्सासमधला मोठ्या गाडीचा मालक कागदावर बरोबरीचे प्रदूषक ठरले. हा विनोद मी रचलेला नाही. ‘धूर जिथे निघतो त्याच्या नावावर’ ही हिशेबाची रीत जगभर चालते, ती प्रामाणिकपणे जिल्ह्याला लावली की हेच उत्तर येतं. ही वीज जाते कुठे? जवळजवळ सगळी महावितरणशी झालेल्या करारांनी राज्याच्या जाळ्यात, ७६५ केव्हीच्या तारांनी तिरोड्याहून कोराडी, अकोला, औरंगाबादच्या दिशेने. राख इथे, गरम पाणी इथे, कोळशाची धूळ इथल्या रुळांवर. थंड हवा दुसरीकडे. आणि धानाच्या पंपाला दिवसा सलग वीज द्या, ही या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची मागणी जुनीच आहे. जिल्हा विजेचं आगर, आणि बांधीतलं पाणी रात्री दोन वाजता साप-विंचू चुकवत सोडायचं.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला. त्यात शहराचं २०१९ सालचं उत्सर्जन माणशी १.८ टन दिलं आहे. काम मेहनतीचं आहे, आणि बाहेरून आणलेल्या विजेचा धूरही त्यांनी शहराच्या नावावर धरला, हे चांगलं केलं. पण हा सरासरी आकडा मला भिववतो. त्यात धारावीतलं दहा बाय दहाचं घर आणि पेडर रोडवरचा मजल्याएवढा फ्लॅट एकत्र कालवून दोघांना १.८ चं प्रमाणपत्र दिलंय. असं कालवलं की वरच्याचा हिशेब आपोआप पुसला जातो. सरासरी ही श्रीमंतांसाठी फार मायाळू गोष्ट असते.

धानातल्या मिथेनचा आरोपही नवा नाही, पस्तीस वर्षांचा जुना आहे, आणि त्याचं उत्तरही तेवढंच जुनं आहे. १९९० साली अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशांची यादी काढली, त्यात भारताला वरच्या पाच देशांत बसवलं. कशाच्या जोरावर? भातखाचरं, गुरंढोरं आणि जंगलतोड यांचे आकडे गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या आकड्यांशेजारी मांडून. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका लिहून त्या यादीच्या चिंध्या केल्या. जगण्यासाठी सोडलेला वायू आणि चैनीसाठी सोडलेला वायू एका तागडीत कसे घालता, हा त्यांचा प्रश्न. आणि वातावरणाची पचवण्याची क्षमता माणशी समान वाटायला हवी, ही त्यांची मागणी. शिवाय मिथेनचं वागणंही वेगळं असतं. तो तीव्र असतो, पण बारा-एक वर्षांत विरतो. दरवर्षी तेवढीच खाचरं भरली तर हवेतला त्याचा साठा ठरावीक पातळीवर थांबतो. कोळशाचा कार्बन थांबत नाही, साचत जातो. बांधीतलं पाणी आलटूनपालटून सोडण्याने मिथेन घटतो आणि पाणीही वाचतं. ज्याला सिंचनाची खात्री आहे त्याने ते जरूर करावं. पण झाडीपट्टीतला कोरडवाहू धानवाला पऱ्हे टाकून पावसाकडे डोळे लावून बसतो, रोवणीला पाणी पुरेल की नाही याच्या घोरात असतो. त्याला ‘बांधी सुकू द्या’ हा सल्ला देणाऱ्याने आधी एक खरीप इथे काढावा.

मग येतो तो भारी समजला जाणारा मुद्दा: ‘भारत आज जगात तिसऱ्या क्रमांकाचा उत्सर्जक आहे, आता गरिबीचं तुणतुणं पुरे.’ ठीक. रक्कम मांडू. आयपीसीसीच्याच हिशेबाने १८५० ते २०१९ मधल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये उत्तर अमेरिकेचा वाटा २३ टक्के, दक्षिण आशियाचा ४. उत्तर अमेरिकेत, म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून, जगातली पाच टक्केही माणसं नाहीत. दक्षिण आशियात जवळजवळ चौथा हिस्सा. झालेले २,३९० आणि २०२० ला उरलेले ५००, मिळून २,८९० अब्ज टन माणशी समान वाटले असते तर दक्षिण आशियाच्या वाट्याला सुमारे ७०० आले असते. खर्च झाले शंभराहूनही कमी. म्हणजे येणं निघतं ६०० चं, आणि सगळ्या जगासाठी मिळून शिल्लक होते ५००.

पुन्हा वाचा. आपलं येणं हे साऱ्या जगाच्या शिल्लकीपेक्षा मोठं आहे. पहिल्या पंक्तीने जिलब्या संपवायच्या आणि शेवटची पंक्त बसली की तिला मधुमेहावर व्याख्यान द्यायचं, असा हा प्रकार. हे गणित मुंबईतच, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत टी. जयरामन, तेजल कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास बारकाईने करून दाखवलं होतं; त्या वर्षी तिथे याच विषयावर परिषदही भरली होती. मराठी वाचकाला मात्र ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द माहीत आहे, कार्बन बजेट नाही. हा योगायोग नव्हे. स्वतःचा वैयक्तिक धूर मोजायचं गणकयंत्र जगभर गाजवलं ते २००४ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने, जाहिरात मोहीम करून. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला ‘तुझा पाय किती काळा’ असं विचारायचं, आणि गिऱ्हाइकाने लाजून पाय धुवत बसायचं! आपले वक्ते तीच जाहिरात फुकट करतात.

इथवर वाचून काही मंडळी खुशीत आली असतील. ‘बघा, आमचं येणं आहे! तेव्हा कोळसा जाळू द्या, प्रकल्प उभे राहू द्या, पर्यावरणवाद्यांना पाश्चात्त्यांचे दलाल म्हणू द्या.’ त्यांची खुशी मला मान्य नाही. पहिल्या भाषणापेक्षा हे भाषण अधिक धूर्त आहे, कारण ते अर्धं खरं आहे. भारताची माणशी सरासरी दोन टनांवर का राहिली? दरेकसासारख्या हजारो गावांनी काही जाळलंच नाही म्हणून. ‘ग्रीनपीस इंडिया’ने २००७ मध्ये एक अहवाल काढला होता, त्याचं नावच ‘हायडिंग बिहाइंड द पुअर’. गरिबांच्या आडून श्रीमंतांची चैन चालते, हे त्यात उत्पन्नगटांनुसार दाखवलं होतं. दिल्ली-ग्लासगोत बोलताना ‘आमचा माणूस’ म्हणजे सालेकसाचा, आणि परत आल्यावर त्याच्या नावाने मिळालेली सवलत खर्चायला नागपूरचे मॉल आणि मुंबईचे काचेचे मनोरे. वाटा माणशी मागितला असेल तर वाटपही माणशी हवं. नाहीतर ते येणं नव्हे, परक्याच्या सहीने काढलेले पैसे.

शिवाय न्याय आणि भौतिकशास्त्र एकमेकांची रजा मागत नाहीत. आपलं ६०० अब्ज टनांचं येणं खरं असलं तरी ते वसूल करायला कोळसा जाळला तर उन्हात मरणार कोण? वातानुकूलित मनोरा नव्हे. ऐन कापणीला अवकाळी पाऊस येतो तेव्हा बांधीत पडलेल्या कडपा कोणाच्या भिजतात? कार्बनच्या रूपात हे येणं आता मिळणार नाही, तेवढी हवा उरलेलीच नाही. ते मागायचं पैशाच्या, तंत्राच्या आणि साठवणुकीसह सौरविजेच्या रूपात, आणि जे थोडं जाळणं अटळ आहे त्यावर पहिला हक्क कोणाचा हे आधी लिहून. आज भारतात माणशी वीजवापर वर्षाला १,४०० युनिटांच्या घरात आहे, अमेरिकेत १२,००० च्या वर. हे अंतर कापायचं असेल तर ते तळापासून कापावं लागेल.

झाडांचं राहिलं. झाड लावण्याला कोण नाही म्हणेल? पण झाडाच्या आड कोळसा लपवण्याला म्हटलंच पाहिजे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांची मोहीम जाहीर केली. मिळून बावन्न कोटी. त्यातलं एकही रोप मेलं नाही, एकही बकरीने खाल्लं नाही, सगळी वाढून मोठी झाली असं धरू. सरकारी वृक्षारोपणाबद्दल इतका भाबडा अंदाज कोणी केला नसेल, पण करू. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. तिरोड्याच्या एका प्रकल्पाच्या एका वर्षाच्या धुरासाठी अशी ९५ कोटी झाडं लागतील. राज्याची चार वर्षांची सगळी मोहीम एका वीजकेंद्राला अर्ध्याच्या थोडी वर पुरते. आणि कोराडी, चंद्रपूर, खापरखेडा, पारस, भुसावळ अजून मोजलेच नाहीत.

हे गणित माहीत असलेली माणसं मग जास्त हुशारीचा मार्ग काढतात: आधीच उभं असलेलं जंगल मोजायचं, त्याचं ‘क्रेडिट’ करायचं आणि दुसऱ्याला जाळण्याचा परवाना म्हणून विकायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटची योजना आणली, त्यात उजाड वनजमिनीवर झाडं लावून कंपन्यांनी पत कमवायची सोय आहे. कागदावर उजाड म्हणजे काय, हे सालेकसाच्या माणसाला विचारा. तिथे गुरं चरतात, तेंदूची झुडपं असतात, मोहाची चार जुनी झाडं असतात आणि त्यांवर कोणत्या घराचा हक्क हे गावाला तोंडपाठ असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या सामूहिक हक्कांना मान्यता दिली, त्यांच्यावर आता सागाच्या रांगा लावायच्या आणि त्यांची पत दूरच्या ताळेबंदात जमा करायची? दरेकसाने आपलं जंगल राखलं, त्याचा मोबदला म्हणून दुसऱ्या कोणाला धूर सोडायची मुभा. गावाला काय? मोहाखालचा पाला जाळू नका, असा फलक. वणवा वाईटच, फुलं झेलायला झाडाखाली जाळी बांधून द्या, वणवे कमी होतील. जाळीला येणारा खर्च चर्चासत्राच्या एका जेवणावळीत भागतो.

‘पण हे आकडे अनिश्चित आहेत’ असंही ऐकायला मिळतं. कोणी ५०० सांगतं, कोणी ४००. तो फरक हिशेबातला घोळ नव्हे. ५०० ही निम्म्या शक्यतेची रक्कम, ४०० ही दोन-तृतीयांश शक्यतेची. किती धोका पत्करायचा ते आधी सांगा, मग रक्कम मिळते. २०२४ हे तापमानवाढीचा दीड अंश ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं, म्हणून बजेट निरर्थक झालं असा अर्थ काढणाऱ्यांनी दोन अंशांची रक्कम पाहावी. तीही अमर्याद नाही, आणि तिच्या वाटपाचा प्रश्न तोच आहे.

म्हणून पुन्हा, आवाज चढवून: हवामान बदल ही सगळ्यांची सारखी जबाबदारी नाही. ती खर्चाच्या प्रमाणात आहे, आणि खर्च कोणी केला हे मोजलेलं आहे. राज्याने जिल्ह्यागणिक हवामान आराखडे करायचेच असतील तर प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर तीन आकडे छापावेत. जिल्ह्यात किती धूर निघतो. जिल्ह्यातली माणसं प्रत्यक्षात किती धुराची वीज आणि वस्तू वापरतात. आणि त्या वापरात वरच्या दहा टक्के घरांचा वाटा किती. गोंदियात पहिला आकडा डोंगराएवढा आणि दुसरा चिमूटभर निघेल. मुंबईत तिसरा आकडा छापायला धैर्य लागेल. कपात तिसऱ्या आकड्यापासून सुरू करायची, मग तिरोड्यासारख्या संचांच्या निवृत्तीचं वेळापत्रक करायचं, आणि तिथे काम करणाऱ्यांचं पुढे काय हे त्यातच लिहायचं.

हे होईपर्यंत चुलीचा, मोहाखालच्या पाल्याचा आणि धानाच्या बांधीचा जाब विचारायला दरेकसाला कोणी येऊ नये. गॅसची टाकी परवडेल अशी करायला आणि पंपाला दिवसा वीज द्यायला मात्र उद्याच यावं. गाडी थांबते तिथे.